मागची पकड

मालती गेल्याची बातमी मला महाडच्या एसटी डेपोत कळली. पोलादपूरच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमच्या मैत्रीण काल गेल्या. कावीळ उतरलीच नाय." मी त्याच्यावरच ओरडले, "तोंड सांभाळून बोल!" आता काही आठवडे उलटलेत, तरी माझा राग जात नाही. काढायचा कुणावर, तेही कळत नाही.

आम्ही दोघी महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. त्याआधी ती मुंबईला एका प्रयोगशाळेत होती. पेशी एखाद्या जागेला चिकटते कशी, हा तिचा विषय. आईला अर्धांगवायू झाला म्हणून चार दिवसांसाठी पोलादपूरला घरी आली आणि अडकली ती अडकलीच. वडील नव्हते, पाठचं कुणी नव्हतं. तरी पठ्ठीनं घरातच उद्योग मांडला. गावठी अंड्यांतल्या कोवळ्या पिल्लाच्या पेशी काढून काचेवर वाढवायच्या, त्या काचा आधी जंतू मरायला कुकरमध्ये वाफवून घ्यायच्या. आईचा वरणभात उतरल्याशिवाय कुकर काही मिळायचा नाही! बहुतेक वेळा सगळं नासायचं.

एकदा मात्र साधलं. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिनं मला दाखवलं. "नुसती चिकटत नाही गं, जागा ओढून बघते. टणक लागली की पकड आणखी घट्ट करते. मऊ लागली की अंग चोरून गोळा होते." एक पेशी लांबच लांब ताणली गेली होती. तोंड पुढं निघालेलं, मागचं टोक काचेला तसंच.

"आता हिचं काय?" मी विचारलं.

"मागची पकड सुटेल. नाहीतर शेपटाचा तुकडा तिथंच टाकून जाईल."

"मग तू का बसलीयस इथं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. "मी काय पेशी आहे?"

मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी तिची जागा राखून ठेवली होती. मी हात धुऊन तिच्या मागं लागले. आईचं बघायला शेजारच्या काकू तयार झाल्या, ट्रंक भरली, मीच तिला पोलादपूरला मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. बाईसाहेब महाडला उतरल्या आणि मागं फिरल्या! मी नाही नाही ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "आई रडली असती, तर भांडून गेले असते गं. ती काही बोललीच नाही..." जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. नंतर तिनं काचांना हात लावला नाही.

परवा तिच्या आईंना भेटून आले. काकू दारातच म्हणाल्या, "मालू गेली म्हणून सांगितलं गो त्यांना. ध्यानात राहत नाय." मी खाटेशी बसले. त्यांनी चालत्या हातानं माझं मनगट धरलं. "मालू, आलीस?" मला रडू आवरेना. हात सोडवायला गेले, तशी त्यांची बोटं आणखी आवळली.

"जा गो तू मुंबईला," त्या म्हणाल्या. "माझं काय, मी राहीन."

"जाते हं, आई," मी म्हटलं. त्यांनी मनगट सोडलं नाही. मी तिथंच बसून राहिले.