ट्रकची वायर लावायची राहिली

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

रिटायर झाल्यावर आम्ही उबदार हवेचं शुगर लँड सोडून मुलीजवळ नॉर्थ डकोटात आलो. इथल्या थंडीत डिझेल ट्रकचं इंजिन गार पडू देत नाहीत. त्याच्या हीटरची वायर रात्रभर प्लगला लावून ठेवावी लागते. काल माझी ती लावायची राहिली.

सकाळी सातला शेजारचे वॉल्टर दारात उभे. ऐंशीच्या पुढचे आहेत, नजर अधू झाल्यापासून गाडी चालवत नाहीत. त्यांची बायको चाळीस मैलांवरच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या केंद्रात होती. म्हणाले, "नर्सचा फोन होता, लगेच या म्हणाली. नेशील मला?"

बाहेर उणे अठ्ठावीस. ट्रक सुरूच होईना. मुलगी कार घेऊन ड्यूटीवर गेलेली, आसपास दुसरं घर नाही. ट्रकच्या हीटरची वायर लावली आणि आम्ही किचनमध्ये वाट बघत बसलो. आमच्या हिने दिलेला चहा ते नुसता हातात धरून होते.

दीड तासाने त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, "थँक यू" म्हणाले आणि ठेवला. ती गेली होती.

त्यानंतर वीस मिनिटांनी ट्रक सुरू झाला.

मी सॉरी म्हणालो. ते कोट चढवत म्हणाले, "मीही ती वायर कितीदा विसरलोय. चल, ती तिथे एकटी आहे."

मी त्यांना तिच्यापाशी पोचवलं.

उद्या ते भेटतील, तेव्हा मी काय बोलू? तुमच्या हातून कधी असं झालं असेल, तर खरंच सांगा.