नाव न घेता केलेली प्रार्थना

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. चर्चच्या स्मरणिकेसाठी जुन्या माणसांनी आठवणी लिहून द्याव्यात असं फादरांनी सांगितलं, तेव्हा मी रेल्वे क्वार्टरमधल्या नाताळबद्दल लिहून दिलं, जुन्या हार्मोनियमबद्दल लिहून दिलं. हे वगळलं. घरात कधी विषय निघालाच तर मी म्हणायचो, "ते लग्न तसंही मोडलंच असतं." इतक्यांदा म्हटलं की पुढे पुढे बायकोनं त्याला उत्तर देणंही सोडून दिलं. मोडलं असतंही कदाचित. पण मी काय केलं, हा प्रश्न त्यापेक्षा वेगळा आहे, आणि तो मला माहीत होता.

ऑक्टोबर हा आमच्याकडे रोझरीचा महिना. दिवसभर सोलापूरचं ऊन भिंतींत मुरलेलं असतं आणि संध्याकाळी त्या तापलेल्या भिंतींना टेकून आम्ही माळ जपत बसतो. रोज गटातल्या एका घरी. टेबलावर पवित्र मरियेची मूर्ती, दोन मेणबत्त्या, आणि मेणबत्त्या विझू नयेत म्हणून बंद केलेला पंखा. आमचा गट मिश्र होता. रेल्वेत नोकरीला येऊन इथलेच झालेले गोव्याकडचे लोक, नगर जिल्ह्यातून आलेले आमच्यासारखे मराठी आणि यंत्रमागावर काम करणारी तेलुगू घरं. माळेच्या पाच भागांपैकी, म्हणजे रहस्यांपैकी, चार मराठीतून व्हायची, एक तेलुगूतून. तेलुगूचा एक शब्द न येणाऱ्यांनाही ते 'नमो मरिया' पाठ झालं होतं.

माळ संपली की मोकळी प्रार्थना असते. ज्याला जे मागायचं ते त्यानं मोठ्यानं मागायचं. दुसऱ्यासाठी मागताना नाव घ्यायचं नाही, हा आमचा रिवाज. 'आपल्यातल्या एका कुटुंबासाठी' म्हणायचं, 'एका भगिनीसाठी' म्हणायचं. कुणाला संकोच वाटू नये म्हणून हा रिवाज पडला असणार. प्रत्यक्षात 'एका भगिनीची गुडघेदुखी बरी कर' म्हटलं की अख्खी खोली एकाच बाईच्या गुडघ्यांकडे बघायची. जे कळलं नसेल ते घरी जाताना रस्त्यात कळायचं.

"ते दारूचं म्हटले ते कोपऱ्यावरच्यांचं का गं?"

"छे, त्यांनी कधीच सोडली. पलीकडच्यांचं असणार. काल नाही का ताट फेकल्याचा आवाज आला."

शेवटची मोठी प्रार्थना मी करायचो. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्य काढलेला मी साधा कारकून, पण प्रार्थना मला यायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली न्यायचा, बायबलमधलं कुठलं वचन कुठे बसेल, हे मला न ठरवता सुचायचं. लोक डोळे पुसायचे. एखाद्या संध्याकाळी मी नसलो तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणायचंच, "काल तुमच्याशिवाय अळणी झालं." माझी बायको त्यावर म्हणायची, "यांना मीठ म्हणू नका, लागलीच खडा होतील." मी हसायचो. मला ते आवडायचं. नम्रतेवर मी सगळ्यांत चांगली प्रार्थना करायचो, हेही सांगून टाकतो.

गटात एक गृहस्थ होते, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. माग बिघडला की तो दुरुस्त करून चालू करणं हे त्यांचं काम. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. मी त्यांना अण्णा म्हणायचो, ते मला भाऊ. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यानं ते मोठ्यानं बोलायचे, प्रार्थनेत मात्र गप्प असायचे. त्यांना एकच मुलगी. शिवणकाम शिकलेली, चर्चमध्ये गाणारी. तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याचे आईवडील नगरकडचे. स्थळ आमच्याच गटातल्या एका मावशींनी आणलं होतं. मुलाची आई त्यांच्या नात्यातली.

एका दुपारी अण्णांनी मला चहाच्या गाड्यावर गाठलं. सायकल स्टँडवर न लावता नुसती हातात धरून उभे राहिले.

"भाऊ, एक बोलायचं हुतं. पोरीला लहानपणी फिट यायच्या. तुमाला ठावं नसंल."

मला ठाऊक नव्हतं. शेजारपाजारी कुणालाच नव्हतं.

"आता लई दिवस झाले, आली न्हाय. गोळी तेवढी चालू हाय. डॉक्टर म्हणतो लग्नाला काय हरकत न्हाय. तरी सांगाय पायजे की. फसवून पोरगी द्यायची न्हाय मला."

"मावशींना सांगितलंत?"

"न्हाय. रविवारी पावणे येणार हायत, तवा मीच सांगणार, पोरीला शेजारी बसवून. डॉक्टरची चिठ्ठी बी दाखवणार. बापाच्या तोंडनं ऐकलं तर माणूस इचार करतं. दुसरीकडनं कळलं तर लपवलं म्हणतं." मग म्हणाले, "तवर कुणाला बोलू नका. निस्तं देवाजवळ बोला. तुमची प्रार्थना लवकर पोचती."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हो म्हटलं. त्या रात्री एकट्यानं प्रार्थना केलीही. छोटी झाली. ऐकायला कुणी नसलं की माझी प्रार्थना छोटी व्हायची.

दोन दिवसांनी रोझरी आमच्याच घरी होती. त्या संध्याकाळी नवे फादर पहिल्यांदाच आमच्या गटात येणार होते. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. बायकोनं खाली अंथरायला ठेवणीतल्या चादरी काढल्या. माझ्या डोक्यात दिवसभर एकच, की आज प्रार्थना चांगली झाली पाहिजे. अण्णा, वहिनी आणि त्यांची मुलगी दाराजवळ बसले होते. त्या मावशी एरवी आठवड्याच्या मधल्या दिवशी यायच्या नाहीत, पण फादर येणार म्हणून आल्या होत्या. खिडकीखाली बसल्या होत्या. मी त्यांना पाहिलं होतं. पुढे बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं. ते खोटं होतं.

मी प्रार्थनेला सुरुवात केली, आणि ती नीट लागेना. पावसाबद्दल झालं, आजाऱ्यांबद्दल झालं, कामगारांबद्दल झालं. शब्द बरोबर होते, पण खोली हलत नव्हती. कुणी खोकत होतं, फादरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. मला काहीतरी हवं होतं. आणि जवळ अण्णांनी दिलेलं होतं.

"हे प्रभो," मी म्हणालो, "आपल्यातल्या एका लेकीवर दया कर. तिच्या आयुष्याची नवी वाट सुरू होते आहे. लहानपणापासून तिला ज्या आजारानं जमिनीवर पाडलं, त्या आजाराची सावली तिच्या संसारावर पडू देऊ नकोस. तू त्या बापाच्या मुलाला बरं केलंस, ज्याला तो आजार कधी आगीत, कधी पाण्यात टाकत होता. तसंच हिलाही बरं कर."

शुभवर्तमानातला तो झटके येणारा मुलगा सगळ्यांना माहीत होता. लग्न ठरत आलेली मुलगी त्या खोलीत एकच होती. नाव मी घेतलं नाही.

खोली हलली. खोकणारा गप्प झाला, कुणीतरी हुंदका दिला. माझे डोळे मिटलेले होते, तरी मला ते सगळं कळत होतं आणि बरं वाटत होतं. एखादं वाक्य वाढवलंही असेन. मग सगळ्यांनी आमेन म्हटलं. अण्णांचा आवाज मोठा होता, त्यामुळे तो वेगळा ऐकू आला. प्रार्थनेला आमेन न म्हणून ते करणार काय होते?

डोळे उघडले तेव्हा मुलगी मूर्तीकडे पाहत होती आणि तिची आई तिच्या ओढणीचं टोक उगाच सारखं करत होती. मावशी फादरांच्या आधी उठल्या, चहाही न घेता. फादर जाताना मला म्हणाले, "सुंदर प्रार्थना केलीत." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

सगळे गेल्यावर बायको चादरींच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "देवाला तिचा आजार ठाऊक नव्हता का?"

"म्हणजे?"

"नाही, एवढं वर्णन करून सांगितलंत म्हणून विचारलं. कुणाला सांगत होतात?"

मी चिडलो. म्हणालो, प्रार्थनेत असल्या शंका घेऊ नयेत. तिनं चादरी ट्रंकेत ठेवल्या आणि झोपायला गेली.

रविवारी पाहुणे आले नाहीत. वहिनींनी पहाटेपासून स्वयंपाक केला होता, चर्चमध्ये मिस्सालाही, म्हणजे रविवारच्या उपासनेलाही, त्या उशिरा पोचल्या होत्या. दुपारी मावशींचा फोन आला, की मुलाकडच्यांनी सध्या थांबायचं ठरवलंय. पुढे मावशी चारचौघांत बोलल्या ते जास्त लागलं. "आजाराचं काही नाही हो, आजार कुणालाही होतो. पण लपवलं की नाही?" अण्णांनी चहाच्या गाड्यावर मला जे सांगितलं होतं, नेमकं तेच. ते लपवणारे नव्हते. सांगायला अवघे काही दिवस राहिले होते, आणि ते दिवस मी खाल्ले. आमच्या चर्चच्या सगळ्या पॅरिशमध्ये तो माणूस मुलीचा आजार लपवून स्थळ बघणारा ठरला. पुढची दोन स्थळं चौकशीतच फिरली. हे मी एका शब्दानं थांबवू शकलो असतो. मिस्सा सुटल्यावर अंगणात सगळे उभे असायचे, तिथे नुसतं म्हणायचं होतं, की ते सांगणार होते, मला आधी म्हणाले होते. ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही का बोललात? म्हणून मी म्हटलं नाही.

त्याऐवजी पुढच्या आठवड्यात मी अण्णांना गाठून म्हणालो, "देवाची इच्छा, अण्णा. याहून चांगलं स्थळ येईल."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. बिघडलेल्या मागाकडे बघावं तसं, दोष कुठे असेल ते शोधत. मग म्हणाले, "व्हय, असंल की," आणि सायकलवर बसून गेले.

त्यांनी मला कधी जाब विचारला नाही. रोझरीला येत राहिले, दाराजवळ बसत राहिले. माझी प्रार्थना झाली की त्यांचं आमेन यायचं, फक्त इतकं हळू की ऐकू येऊ नये.

मी पापनिवेदनाला गेलो. चर्चमधल्या दुसऱ्या, म्हाताऱ्या फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देव क्षमा करतोच. पण त्या माणसाला जाऊन भेटा. त्यांची क्षमा मी देऊ शकत नाही." मी हो म्हणालो आणि गेलो नाही. पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात बाहेरगावचे फादर आले होते, त्यांच्या रांगेत उभा राहिलो. त्यांना एवढंच सांगितलं, की बोलण्यात चूक झाली, एकाचं मन दुखावलं. त्यांनी तीन 'नमो मरिया' सांगितले. ते म्हटले आणि हलका झाल्यासारखा घरी आलो. माझी भक्ती ही अशी.

मुलीचं लग्न झालं नाही. तिचं वाटोळं झालं असंही कुणी समजू नये, ते तिला आवडणार नाही. तिनं घरातच शिलाईचं दुकान थाटलं. आज आमच्या भागातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे असतात आणि नाताळाआधी तिच्या दारात रांग लागते. चर्चमध्ये ती गातेच. एकदा त्यांच्या घरी रोझरी होती आणि शेवटी लोकांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं, तर ती मेणबत्ती सरळ करत म्हणाली, "काका, आज छोटीच करा. उन्हाचं लोक दमलेत." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर मोठी प्रार्थना मी हळूहळू सोडली. घसा बसतो असं सांगितलं.

गेल्या वर्षी अण्णा अंथरुणाला खिळले. वहिनी आधीच गेल्या होत्या. अर्धांगानं त्यांची एक बाजू गेली होती, पण बोलणं कळत होतं. आता नाही गेलात तर कधीच नाही, असं बायकोनं सरळ सांगितलं, तेव्हा मी निघालो. रिक्षात वाक्य तयार केलं, ओठांत घोळवलं. साधं वाक्य होतं, पाच-सहा शब्दांचं.

पलंगाजवळ स्टूल होतं, त्यावर बसलो. शिलाईचं मशीन बाहेरच्या खोलीत चालू होतं, ते थांबलं. मुलगी आत आली, वडिलांच्या पाठीशी उशी लावली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते वाट बघत होते असं मला वाटलं, अजून वाटतं.

"अण्णा," मी म्हणालो.

"बोला भाऊ."

मला बोलता येईना. लाज आड आली. ते थांबले, आणि मग, माझी कीव आली म्हणून असेल, चांगला हात वर करून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. प्रार्थना करा."

आणि ती मला आली. लगेच आली, सगळी आली. डोळे मिटले, आवाज खाली नेला. म्हणालो, "हे प्रभो, आमच्या हातून कळत नकळत झालेल्या अपराधांची आम्हाला क्षमा कर." आमच्या म्हणालो. कळत नकळत म्हणालो. ज्याची क्षमा मागायची तो हाताच्या अंतरावर होता, आणि मी देवाशी बोलत होतो.

मुलगी दारापर्यंत सोडायला आली. चपला घालताना माझा तोल गेला तेव्हा तिनं दंड धरला.

"काका, बाबांना काही सांगायचं होतं का?"

"नाही गं. सहज आलो होतो."

तिनं दंड सोडला नाही. "मला?"

मी म्हणालो, "उशीर झाला, रिक्षा थांबलीय." रिक्षा थांबलेली नव्हती. कोपऱ्यापर्यंत मी चालत गेलो, आणि तिथे उभं राहून ते वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. अण्णा, माझं चुकलं, मला माफ करा. चांगलं म्हणता आलं. अण्णा त्याच आठवड्यात गेले.