पडद्याकडे पाठ

देशमुखसाहेब दर रविवारी दुपारी लोकांना सिनेमा दाखवायचे आणि स्वतः मात्र तो पाहायचे नाहीत. चंडीगडच्या सेक्टर वीसमधल्या कम्युनिटी सेंटरात खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, की ते पडद्याच्या कडेला स्टूल टाकायचे आणि पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसायचे. परीक्षेला सुपरवायझर बसावा तसे. पहिल्या रविवारी मला वाटलं, माणूस चक्रम दिसतो.

ते ह्यांच्याच ऑफिसातले, आमच्यासारखेच बदलीवर आलेले. मूळचे यवतमाळचे, एकटेच राहत. सिनेमे आणायचे तेही कुठल्या टॉकीजला न लागणारे. बंगालमधले, केरळातले, एकदा तर सिलोनचा. कुणीतरी पदरमोड करून काढलेले आणि नंतर डब्यात पडून राहिलेले. सुरुवातीला ते उभं राहून गोष्टीचा अंदाज हिंदीत सांगत, कारण भाषा आमच्यापैकी कुणालाच यायची नाही. मग स्टूल.

मी एकदा विचारलंच, "भाऊसाहेब, तुम्ही पिक्चर का बघत नाही?"

"मी पाहणारे पाहून राहिलो ना वहिनी," ते म्हणाले. "पिक्चर काय, पळून जात नाही. माणसं जातात."

आणि खरंच, मध्येच कुणी उठू लागलं की पडद्याच्या उजेडात त्यांना बरोबर दिसायचं. ते जागेवरूनच हात जोडत. "बस जी, एक रील और." आवाजात जरब अजिबात नव्हती. पण सहा फुटी सरदारजीसुद्धा ओशाळून खाली बसत. हळूहळू लोकांना सवय झाली. आमची पोरं घरी कुणी जेवण टाकून उठलं की "बस जी, एक रील और" म्हणून त्यांची नक्कल करायची.

यामागचं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ते तापाने पडले होते म्हणून आम्ही दोघं पेज घेऊन गेलो, तर खोलीभर आंबूस वास. मला वाटलं काहीतरी नासलंय. त्यांनी कॉटखाली बोट दाखवलं. तिथे पत्र्याचे गोल डबे होते. धाकट्या भावाने, विनायकने, घरच्यांशी भांडून एक सिनेमा काढला होता. त्याचा एकच खेळ झाला, नागपूरला. लोक अर्ध्यातून उठून गेले. विनायक दाराशी उभा राहून जाणाऱ्या प्रत्येकाकडे पाहत राहिला. त्यानंतर त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही, आणि दोन-तीन वर्षांत तो गेलाच.

"मग हा दाखवत का नाही तुम्ही?" ह्यांनी विचारलं.

"दाखवीन ना. आधी लोकांना बसायची सवय होऊ द्या. पुन्हा उठून गेले तर काय करू मी?"

पण फिल्म तेवढी थांबणार नव्हती. वास येत होता तो तिचाच, ती डब्यात सडत चालली होती. प्रोजेक्टर चालवणाऱ्या हरबन्सजींनी एक रीळ उजेडात धरून पाहिलं आणि मान हलवली. "देशमुख जी, इक वारी चल जाऊ. दूजी वारी दा मैं नहीं कह सकदा." म्हणजे एकदा चालेल, दुसऱ्यांदाचं सांगता येत नाही.

थंडीतला रविवार ठरला. हॉल भरला होता. देशमुखसाहेबांनी इस्त्रीचा कोट घातला होता. गोष्ट सांगायला उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मेरे भाई ने बनाई है." मग स्टूल उचललं, फिरवलं आणि पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून बसले.

सिनेमात एक म्हातारा कोरडी विहीर खणत होता. बोलणं जवळजवळ नव्हतंच. दुसऱ्या रिळात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आणखी एक. हात जोडणारं समोर कुणी नव्हतं. मी उठून मागच्या दाराशी गेले आणि हलकेच म्हणाले, "बस जी, एक रील और." एक बाई तेवढ्या परत फिरल्या. बाकीचे माझ्याकडे पाहून कसनुसं हसले आणि बाहेर पडले. इतकी वर्षं त्यांना सिनेमाने नाही, त्या माणसाच्या डोळ्यांनी बसवून ठेवलं होतं, हे मला तिथे उभं राहून कळलं, आणि फार वाईट वाटलं. सिनेमा चांगला होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी सगळा वेळ माणसंच पाहत होते.

शेवटचं रीळ संपलं. हरबन्सजींनी दिवा लावला. आम्ही दोघं, त्या बाई आणि मधल्या रांगेत झोपी गेलेले एक आजोबा, एवढेच उरलो होतो. देशमुखसाहेब वळले नाहीत.

"वहिनी, मागं कोणी आहे का?"

मी "आहेत" म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"किती, ते नका सांगू. सर्वांना जाऊ द्या, मग वळतो मी. खेळ संपल्यावर हॉल रिकामा होतेच ना."

मागच्या महिन्यात ते यवतमाळला वारल्याचं पत्र आलं, तेव्हा हेच वाक्य आठवलं. त्या रविवारी आम्ही आजोबांना उठवलं आणि बाहेर आलो. हिरवळीवर लख्ख ऊन पडलं होतं. उठून आलेली मंडळी तिथेच शेंगा सोलत बसली होती. त्यांनी आम्हाला जागा करून दिली. बऱ्याच वेळाने आतून स्टूल फिरवल्याचा आवाज आला.