आंब्यावरचा मोर

अमळनेरहून सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा पिशवीत अण्णांसाठी भाकरीचं, कळण्याचं पीठ होतं. नजर अधू झाल्यापासून माझे वडील धाकट्या भावाकडे, सुरतेतल्या लिंबायतला राहतात. लहानपणी अण्णांचा आणि माझा एक खेळ होता : पक्ष्याचं आणि झाडाफुलाचं एकच नाव शोधायचं. तुरेवाल्या लाल फुलाला कोंबडाच म्हणतात, हे मी सहाव्या वर्षी सांगितलं, तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं.

उधना स्टेशनवरून रिक्षाने घरी पोचले. गल्लीभर मागांची खडखड. चहा घेताना कळलं, तो खेळ आता अण्णा माझ्या भावजयीशी, रेखाशी खेळतात. साड्यांना खडे चिकटवता चिकटवता ती नावं शोधते. मी कप ठेवून पिशवीतलं पीठ काढायला उठले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बारडोलीला रेखाच्या ओळखीच्या शेतावर गेलो. उसाची तोड चालू होती. मालकीणबाईंनी गरम पोंक (आपला ज्वारीचा हुरडा) शेव घालून दिला आणि म्हणाल्या, "आंबे मोर आव्यो छे, जोवा चालो." (आंब्याला मोर आलाय, बघायला चला.) मी फांद्यांत पिसारा शोधत राहिले. रेखा मात्र अण्णांचा हात धरून त्यांना झाडाखाली घेऊन गेली, एक डहाळी वाकवून त्यांच्या बोटांना लावली.

"अण्णा, इथे मोहोरालाही मोरच म्हणतात."

अण्णा डहाळी नाकाशी धरून कितीतरी वेळ हसत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "हे काही खरं नाही. आपल्या भाषेतलं नाव हवं."

त्यांनी डहाळी सोडली.

निघायच्या दिवशी रेखा एकटीच स्टेशनवर आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "ताई, येता-जाता मला एखादं नाव सांगत जा. माझ्याकडची संपली की अण्णा दिवसदिवस गप्प बसतात."

माझ्याजवळ दोन नावं होती, अण्णांना स्वतः सांगायची म्हणून राखलेली. त्यांच्याशी बोलण्याचं धाडस आंब्याखालच्या त्या प्रसंगानंतर झालंच नव्हतं. गाडी हलता हलता मी तिला एक दिलं : कावळी. कावळ्याची मादीही, रानातली वेलही. ती ओठांतल्या ओठांत ते घोकत गाडीबरोबर चार पावलं चालली.

व्यारा गेल्यावर वाटलं, दुसरंही द्यायला हवं होतं. नवापूर आलं तेव्हा वाटलं, नको. ते अण्णांनी माझ्याच तोंडून ऐकावं.