फोडणी आणि कळी

इथल्या थंडीत जास्वंदीला बाळंतिणीसारखं जपावं लागतं. हिवाळाभर मी तिची कुंडी उन्हाच्या कवडशामागे सरकवत राहिले, लवकर अंधारायचं म्हणून दिवा लावला, पाणीसुद्धा कोमट घातलं. शेवटी एक कळी आली. टोकाला लाल दिसू लागलं.

काल आमटीला फोडणी देण्याआधी नवऱ्याने खिडकी सताड उघडली. धुराचा अलार्म वाजू नये, जिन्यात हिंगाचा वास जाऊ नये! इथे आल्यापासून आमची हीच रीत. बाहेर बर्फ पडत होता. आज सकाळी कळी मातीत पडलेली दिसली.

"अगं, एक कळीच तर होती," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. आपल्याच जेवणाचा वास लपवायचा, आपल्याच घरात दबकत चालायचं, आणि झाडाने मात्र फुलायचं? कुणाच्या जोरावर?

संध्याकाळी फोडणी मी दिली, खिडकी घट्ट लावून. मोहरी तडतडली, मिरचीचा खाट उठला, अलार्म कोकलायला लागला. नवरा खिडकीकडे धावला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "झाडाला थंडी बाधते. वाजू दे."