मायची पितळी

लग्न होऊन मी दोंडाईच्याहून जळगावला, मेहरूणमध्ये आले, तेव्हा घर बँडवाल्यांचं आहे एवढं माहेरच्यांनी सांगितलं होतं. बँडवाल्यांचं घर म्हणजे काय, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. घरात कपबशांपेक्षा झांजा जास्त होत्या. खुंट्यांवर लाल कोट, कोनाड्यात ट्रंपेट, पलंगाखाली ढोल, आणि मी माहेरून आणलेल्या कपाटात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी युफोनियम कोंबून ठेवलं. मी काही बोलायच्या आत सासूनं ते उचललं, मोठ्या लेकाच्या हातात दिलं, आणि पोरीच्या कपाटाला पुन्हा हात लावाल तर भाकरी मिळणार नाही असं सगळ्यांदेखत बजावलं. त्या दिवसापासून मी तिला आत्याबाई म्हणायचं सोडून दिलं आणि घरातल्या सगळ्यांसारखं माय म्हणू लागले.

तिचं नाव भागाबाई. दोन लेकांची आई, पाच नातवंडांची आजी. मोठे पितांबरभाऊ बँडमास्तर, क्लॅरोनेट वाजवायचे. धाकटे अभिमन, म्हणजे माझे मालक, साइड ड्रमवर. बाकी नऊ जण गल्लीतले आणि पाहुण्यांपैकी. दिवाळी उलटून तुळशीची लग्नं लागली की या सगळ्यांच्या अंगात यायचं. आम्ही बौद्ध, पंचांगाशी आमचा संबंध नाही. पण लोक मुहूर्त बघून लग्नं लावतात, म्हणून भाऊंच्या कोटाच्या खिशात पंचांग असायचंच. बापानं दीक्षा घेतली आणि लेक मुहूर्त वाचत बसलाय, असं म्हणून माय त्यांना डिवचायची. भाऊ चिडायचे नाहीत, फक्त पंचांग दुसऱ्या खिशात घालायचे.

कार्तिकातला तिचा दिवस ढोलांपासून सुरू व्हायचा. दवानं कातडं नरम पडतं. उन्हं अंगणात उतरली की माय ढोल एका ओळीत उन्हात मांडायची आणि प्रत्येकाला नखानं टिचकी मारून त्याची तब्येत विचारायची. मग कोटांची बटणं, मग नातवंडांची शाळा, मग अकरा वाजंत्र्यांचा स्वयंपाक. त्या दिवसांत बाजारात भरताची वांगी येतात, आणि कापूस वेचून झालेल्या शेतांतून पऱ्हाट्यांचे भारे मिळतात. वांगी पऱ्हाट्यांवरच भाजायची, असा तिचा हट्ट. गॅसवर भाजलेलं भरीत म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं ती माझ्या तोंडावर म्हणायची, कारण गॅस माझ्याच आग्रहानं आला होता.

पण घरातलं तिचं खरं काम वेगळंच होतं. तिच्या हाताशी एक जुनी पितळी, पितळेची खोलगट थाळी, कायम पालथी पडलेली असायची. समोरच्या खोलीत सराव सुरू होताना भाऊ आत आवाज द्यायचे, "माय, दे." माय चिमट्यानं पितळीवर केरवा मोजून द्यायची. चार ठोके, पुन्हा चार, मग चिमटा थांबायचा आणि बँड उठायचा. पुढे पूर्ण गाणंभर ती आतून ठेका धरायची, एकीकडे भाकरी थापत. कुणी चुकलं की पितळी गप्प व्हायची आणि स्वयंपाकघरातून हुकूम सुटायचा, "बठ्ठा चुकनात. पहिलेपासून ल्या." सगळे मुकाट्यानं पहिल्यापासून घ्यायचे. माझे मालक बाहेर कुणाचं ऐकत नसत, पण त्या पितळीचं ऐकायचे.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. धुळ्याकडच्या तिच्या सासरच्या खेड्यात गावकीचा डफ याच घराकडे होता. दीक्षेनंतर माझ्या सासऱ्यांनी तो नदीत सोडून दिला आणि घर जळगावला आणलं. बाईमाणसानं त्या डफाला हात लावायचा नव्हता. मायनं चुलीपुढे बसून ऐकता ऐकताच सगळं उचललं होतं, आणि ते नदीत सोडायला कुणी सांगितलं नाही.

१९८८च्या कार्तिकात एका दुपारी हे सगळं बिघडलं. दुसऱ्या दिवशी एरंडोलची वरात होती, त्या मोसमातली पहिलीच. समोरच्या खोलीत अकरा जण दाटीवाटीनं बसून सराव करत होते. मी आणि माझी जेठाणी, म्हणजे भाऊंची बायको बेबाबाई, तिथेच कोपऱ्यात कोटांना सोनेरी फीत लावत होतो. माय मागच्या अंगणात वांगी भाजायला गेली होती. भाजलेली वांगी काढून ठेवायला पितळी तिच्याबरोबरच होती.

दोन गाणी झाली असतील. मागून पितळी वाजू लागली. दोन ठोके, मग गप्प. मग एकच. मग तीन घाईघाईनं, मग पुन्हा गप्प. मी बेबाबाईला म्हटलं, मायचा ठेका चुकतोय. दातांत सुई धरून ती म्हणाली, माय चुकत नसते. ते खरंच होतं. तेरा वर्षांत मी तिला एकदाही चुकताना ऐकलं नव्हतं, आणि म्हणूनच मी जागची उठले नाही.

भाऊंनी हात वर करून बँड थांबवला. डोळे मिटून ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "आज मायना ठेका न्यारा शे," ते म्हणाले. "तिन्हाच धरा."

सगळ्यांनी तो धरला. अभिमननी ड्रमवर ती तुटक चाल अशी बसवली की माझ्या अंगावर काटा आला. एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मी फीत लावायची सोडून मांडीवर ताल धरला होता. खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर त्या खोलीत कधी वाजलं नव्हतं. मागचा आवाज हळू होत गेला, तसा भाऊंनी मान हलवून बँडही हळू केला. मागचा आवाज बंद झाला आणि बँडनंही गाणं तिथेच संपवलं. सगळे एकमेकांकडे बघून हसले.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडची हसीनाबी आमच्या मागच्या दारानं धावत समोरच्या खोलीत आली. तिच्या घरात कधी कुणी शिटीसुद्धा वाजवली नसेल. ती म्हणाली, "कब से थाली बजा के बुला रई बुढी. तुम लोगों को सुनाई नहीं देता क्या?"

माय मागच्या अंगणात चुलीशेजारी उजव्या कुशीवर पडली होती. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग गेलेलं. चिमटा डाव्या हातात होता. वांग्यांचा कोळसा झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला. घरात कुणी घड्याळ पाहिलेलं नव्हतं, पण भाऊंनी नेमकं सांगितलं. तीन गाणी, म्हणाले. डॉक्टर चांगले होते, लवकर आणलं असतं तरी फार फरक पडला असता असं नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. भाऊंनी दोन्ही वेळा मान हलवली आणि एकदाही विश्वास ठेवला नाही.

माय घरी आली ती वाचा गेलेली. भाऊंनी तिच्या डाव्या हाताशी पितळी ठेवली, चिमटा ठेवला, आणि काहीही लागलं तर हे वाजव, कुणीही कुठेही असलं तरी येईल, असं सांगितलं. मायनं पितळी हातानं लांब सरकवली. आम्हाला वाटलं हात नीट चालत नसेल. मी पुन्हा जवळ आणली, तिनं पुन्हा सरकवली.

ती पितळी तिनं वर्षभर वाजवली नाही. पाण्यासाठी नाही, कूस बदलण्यासाठी नाही. अंथरूण ओलं करून गपचूप पडून राहायची, पण चिमट्याला हात लावायची नाही. एकदा चादर बदलता बदलता माझाच तोल गेला. पितळी हाताशी आहे, एकदा वाजवली असती तर मी काय गावाबाहेर होते का, असं मी तिला बोलले. तिनं डाव्या हातानं माझा पदर धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी खूप रडले. बोललेलं मात्र परत घेता आलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

भाऊ रोज दिवेलागणीला तिच्यापाशी बसायचे. पन्नाशीचा माणूस, गावोगावच्या वरातींपुढे ऐटीत चालणारा, तिच्या मुठीत चिमटा द्यायचा आणि म्हणायचा, "माय, वाजाड ना. येक डाव वाजाड." माय त्यांच्याकडे बघायची आणि मूठ उघडायची. चिमटा गोधडीवर पडायचा. भाऊ तो उचलून जागेवर ठेवायचे आणि जेवायला न बसताच बाहेर जायचे. मायनं एकदा हाक मारावी आणि आपण पहिल्या ठोक्याला धावून जावं, एवढं एकच त्यांना हवं होतं. आम्हाला सगळ्यांनाच हवं होतं.

घरातला सराव बंद झाला. मेहरूण तलावाच्या काठावर जाऊन वाजवायचं ठरलं, मायच्या कानावर काही पडायला नको, तिला त्रास होतो म्हणून. हे कुणी ठरवलं ते आठवत नाही. मायला विचारलं नाही, एवढं नक्की. अकरा वाद्यांचं घर इतकं चिडीचूप झालं की चुलीवर डाळ शिजल्याचं समोरच्या खोलीत ऐकू यायचं. ती तुटक चाल तर कुणी पुन्हा वाजवली नाही. फक्त एकदा, धरणगावला एका वरातीत, अभिमनचा हात आपोआप तिकडे वळला. भाऊंनी तोंडातलं क्लॅरोनेट काढलं आणि भर रस्त्यात उभे राहिले. घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मागे वळून बघू लागला. भाऊंनी पुन्हा वाजवायला घेईपर्यंत वरात पाच मिनिटं तशीच थांबून होती.

पुन्हा कार्तिक आला. माय काडीसारखी झाली होती. पहिल्या वरातीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे घरीच होते, अंगणात बसून वाद्यं चिंचेनं घासत होते, घासून झालं की तलावावर जाणार होते. मी पऱ्हाट्या पेटवून वर्षातलं पहिलं भरीत लावलं होतं.

आणि आतून पितळी वाजली.

भाऊ क्लॅरोनेट काखेत मारून तसेच धावले. मी जळती काडी टाकून धावले, बेबाबाई धावली, पोरं धावली. माय उशीवर मान टेकून होती आणि डाव्या हातानं पितळीवर चिमटा मारत होती. हात अगदी लुळा, पण ठोके सारखे. मी पाण्याचा पेला तोंडाशी नेला, तिनं कोपरानं दूर लोटला. बेबाबाईनं भांडं आणलं, तिनं मान हलवली. कुणी पाय चोळू लागलं, कुणी उशी उचलली. ती थांबली, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा वाजवू लागली. भाऊ रडत होते आणि हसतही होते. "मायनी हाक मारी," सगळ्यांना सांगत होते. "माले हाक मारी." अभिमन रिक्षा आणायला पळाले. माय पुन्हा थांबली. तिची नजर भाऊंच्या काखेतल्या क्लॅरोनेटवर होती. ती मी पाहिली, आणि पाण्याचा पेला परत पुढे केला.

तिनं तिसऱ्यांदा वाजवलं आणि थांबली. तेवढ्यात रिक्षा दारात आली आणि आम्ही तिला उचललं, तेव्हा चिमटा हातातून पडला. रिक्षा नेरी नाक्यापर्यंत गेली असेल. तिथेच भाऊंच्या मांडीवर ती गेली.

तिसऱ्या दिवशी मी पितळी घासायला घेतली. घासून झाली, पालथी ठेवली, आणि कानात जे होतं ते चिमट्यानं वाजवून पाहिलं. चार ठोके, पुन्हा चार, मग थांबायचं. तो केरवा होता, बँड उठायच्या आधीचा. माय आम्हाला बोलवत नव्हती. ती बँडला ठेका देत होती, आणि आम्ही तिला पाणी पाजत होतो. मी मोरीतच बसून राहिले.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला धुळ्याकडचे सगळे आले होते. भाऊ एकेकाला सांगत होते, माय वर्षभर आमच्यावर रुसली होती, पण शेवटी तिनं हाक मारली आणि आम्ही एका ठोक्यात सगळे धावलो. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. अभिमन माझ्यासमोर भिंतीला टेकून बसले होते. त्यांची बोटं गुडघ्यावर हलली, चार, पुन्हा चार, आणि थांबली. आमची नजरानजर झाली. मग ते खाली बघू लागले, मीही खाली बघितलं. भाऊंना ते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही नाही.

याला आता सात वर्षं झाली. सराव पुन्हा समोरच्या खोलीत होतो आणि पितळी माझ्याकडे आली आहे. भाऊ बाहेरून म्हणतात, "मंदा, दे." मी चार ठोके देते, पुन्हा चार देते आणि थांबते. बँड उठतो. मायनं त्या दिवशी तीनदा थांबून पाहिलं होतं.