न्यूट्रल अण्णांचा उतार

न्यूट्रल अण्णांनी हँडब्रेक सोडला की पन्हाळ्यावरची कुत्रीसुद्धा रस्ता सोडून बुरुजावर चढायची. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. डिझेल मिळेनासं झालं तसं त्यांनी जीपचं इंजिनच उपसून टाकलं आणि त्या जागेत कोबीची पोती भरली. गडावरची भाजी नुसत्या उतारावर खाली जायची, रिकामी जीप वर ओढायला रेडे. "उतार देवाचा, चढ रेड्याचा. डिझेल कशाला पायजे?" शेजारी बसलेल्याचे केस घाट संपेपर्यंत पांढरे व्हायचे. माझे झाले.

जीपला ब्रेक आहेत, असा अण्णांचा दावा होता. खरा ब्रेक म्हणजे मागे बांधलेला जाड दोर आणि तो धरून टाचा रोवत येणारे तालमीतले गडी. अण्णांचा दंडक एकच. "गडी दोराला. आत बसतंय ते वजन."

बाळंतपणाला माहेरी, गडावर आलेल्या माझ्या बायकोचं बाळ आडवं फिरलं. नर्सबाई म्हणाल्या, लगेच कोल्हापूर गाठा, नाहीतर दोघंही जातील. विजेची रिक्षा पायथ्याला उभी होती. तिला घाट चढवत नव्हता. अण्णांनी कोबी उतरवून गादी टाकली.

पहिल्याच वळणाला जीप सुटली. अण्णा ओरडले, "दोर ताणा की रं!"

उत्तर माझ्या कानाशी आलं. "अण्णा, आम्ही आतच हाय."

"आत?"

"आक्का अवघडलीया. तिला एकटी कशी सोडायची?"

अख्खी तालीम गादीभोवती मांडी घालून बसली होती.

"मग टाका उड्या," अण्णा म्हणाले. "आन् देवाला हाका मारू नका. त्यो पण आत येऊन बसंल."

समोर कठडा, पलीकडे नुसती हवा. अण्णांनी जीप डोंगराला घासली. गडी उड्या टाकून सरपटणाऱ्या दोरावर पडले. त्यांच्या टाचांनी डांबरात नांगरट झाली. जीप थांबली तेव्हा पुढचं चाक कठड्याला टेकलं होतं. बायको ओरडत नव्हती. मला तीच भीती.

"अण्णा, पोचलो?" तिनं विचारलं.

"व्हय पोरी. आलंच की."

पुढचा घाट गड्यांनी दोर धरूनच उतरवला. पायथ्याला तिला रिक्षात ठेवलं, तरी अण्णा उतरेनात.

"पावणं," ते हळूच म्हणाले, "माझी बोटं तेवढी सोडवा. सुटंनात."

हँडब्रेकवरून मी एकेक बोट उकललं. गार, ओली बोटं.

"लई भ्यालतो," ते म्हणाले. "रोजच भितो. सांगू नका कुणाला."

आई वाचली, लेक वाचली. अण्णा गडहिंग्लजला मुलाकडे गेले आणि तिथंच वारले. जीप आता मी चालवतो. शेजारी बसणाऱ्यांना वाटतं, या माणसाला भीती ठाऊकच नाही.